प्रॉक्सी सर्व्हर : सामाईक इंटरनेटचे वाटप आणि प्रवेशाचे नियम

देशातील शासकीय उच्च शिक्षण संस्थांना आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका उपलब्ध करून देण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिच्यावर सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली असून, ३० प्रकाशकांच्या जवळपास १३,००० पत्रिका ६,३०० हून अधिक संस्थांमधील सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांपर्यंत पोचाव्यात, असा तिचा उद्देश आहे. योजनेचे समन्वयन गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राकडे आहे. याच केंद्राची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या छत्राखाली एक प्रकल्प म्हणून झाली होती.

या योजनेच्या चर्चेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रकाशकाच्या सर्व्हरपासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आलेला मजकूर फाटकापासून विद्यार्थ्याच्या पडद्यापर्यंत कसा जातो? अनेक संस्थांमध्ये हा शेवटचा टप्पा ग्रंथालयाच्या किंवा संगणक विभागाच्या कोपऱ्यातील एका यंत्राच्या हाती असतो. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. कोणाला, केव्हा, काय आणि किती वेगाने मिळावे हे ते यंत्र ठरवते; खरे म्हणजे त्यात नियम लिहून ठेवणारी व्यक्ती ठरवते. हे नियम दहा-पंधरा ओळींत मावतात आणि एकदा लिहिल्यानंतर बहुधा वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही. सार्वजनिक खर्चातून निर्माण झालेल्या सुविधेचे अंतिम वाटप जर या ओळींवर अवलंबून असेल, तर त्या केवळ अभियंत्यांनीच वाचाव्यात असे मानणे योग्य नव्हे.

वतीने काम करणारा

‘प्रॉक्सी’ या शब्दाचा महाविद्यालयीन अर्थ सर्वांना ठाऊक आहे : वर्गात नसलेल्या मित्राच्या वतीने हजेरी देणे. कंपनीच्या सभेत भागधारकाच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी हाही प्रॉक्सीच. संगणक जालातील प्रॉक्सी हेच काम उघडपणे करतो. विद्यार्थ्याचा ब्राउझर हवे असलेले पान थेट दूरच्या सर्व्हरकडे मागत नाही. तो आपली मागणी प्रॉक्सीकडे देतो. प्रॉक्सी नियम तपासतो, परवानगी असेल तर स्वतःच्या नावाने पान मागवतो आणि विद्यार्थ्याकडे सोपवतो. बाहेरच्या जगाला त्यामुळे प्रॉक्सीचा पत्ता तेवढा दिसतो, आतील दोनशे संगणकांचे पत्ते दिसत नाहीत.

ही कल्पना वेबइतकीच जुनी म्हणता येईल. ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेत तयार झालेल्या वेब सर्व्हरला १९९४ च्या सुमारास प्रॉक्सीची जोड मिळाली. आज सर्वाधिक परिचित असलेली ‘स्क्विड’ ही मुक्त आज्ञावली १९९६ मध्ये अमेरिकेत ‘हार्वेस्ट’ या संशोधन प्रकल्पातून निघाली. त्या काळी प्रॉक्सीचे मुख्य काम साठवणीचे होते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा दूरध्वनीवरील जोडणीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट एवढाच असे. एकाने मागवलेले पान जवळ साठवून ठेवले आणि दुसऱ्याने तेच मागितले तर ते पुन्हा समुद्रापलीकडून आणावे लागत नसे. दुर्मीळ साधनाची ही सरळसरळ बचत होती.

आता ही बचत फार उरलेली नाही. बहुतेक संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ या कूटबद्ध पद्धतीने मजकूर पाठवतात. प्रॉक्सीला अशा वेळी एवढेच सांगितले जाते, की अमुक नावाच्या संकेतस्थळाशी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर एक बोगदा उघडून दे. बोगद्यातून काय जाते ते त्याला वाचता येत नाही आणि जे वाचता येत नाही ते साठवताही येत नाही. साठवणीचे काम असे कमी झाले. नियंत्रणाचे काम मात्र वाढले. प्रॉक्सी बसवणाऱ्यांच्या मनात आज प्रामुख्याने दुसराच हेतू असतो.

एका जोडणीचे अर्थशास्त्र

समजा, एका महाविद्यालयाकडे सेकंदाला १०० मेगाबिट क्षमतेची जोडणी आहे आणि दोनशे वापरकर्ते एकाच वेळी ती वापरत आहेत. समान वाटप झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिट येईल. शोधनिबंध उतरवून घेण्यास, अर्ज भरण्यास तो पुरेसा आहे. परंतु त्यांपैकी वीस जणांनी प्रत्येकी ५ मेगाबिट लागणाऱ्या उच्च दर्जाच्या चित्रफिती लावल्या, तर संपूर्ण जोडणी तेथेच संपते. उरलेले एकशे ऐंशी जण काटेकोर अर्थाने वंचित होत नाहीत. त्यांची पाने केवळ उघडता उघडत नाहीत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही स्थिती ओळखीची वाटेल. एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा वाटा घटतो, म्हणजे स्पर्धात्मकता आहे. आणि फाटकाच्या आत आलेल्या कोणालाही वगळण्याची व्यवस्था नाही. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सार्वजनिक वस्तूच्या व्याख्येत ही जोडणी बसत नाही. ती सामाईक साधनसंपत्तीच्या वर्गात मोडते. वापरकर्त्यांच्या प्रवेशावर नियंत्रण आणले की तीच जोडणी जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये ज्यांचा सिद्धान्त मांडला त्या ‘क्लब वस्तूं’पैकी एक होते : सदस्यांना खुली, इतरांना बंद आणि गर्दी वाढली की प्रत्येक सदस्याला कमी उपयोगाची. प्रॉक्सीतील चार ओळी वस्तूचा आर्थिक वर्गच बदलतात. ही गोष्ट परीक्षेतील व्याख्यांपेक्षा अधिक लक्षात राहण्यासारखी आहे.

सामाईक साधनाचा नाश अटळ नसतो, स्थानिक लोक नियम करून ते टिकवतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रात त्याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्या बंधाऱ्याचे पाणी पाळीने वाटून घेतले. पाटकऱ्याने पाणी कोणाला केव्हा सोडायचे हे ठरलेले असे, आणि ठरवणारे तेच होते ज्यांची शेते भिजणार होती. प्रॉक्सी सर्व्हर हा एक पाटकरीच आहे. फरक एवढाच, की बहुतेक ठिकाणी त्याला दिलेले नियम लाभधारकांनी ठरवलेले नसतात, आणि पुष्कळदा त्यांना ते माहीतही नसतात.

उभारणी

यंत्र उभे करणे आज अवघड राहिलेले नाही. लिनक्स प्रणालीवर चालणारा मध्यम क्षमतेचा एखादा संगणक, त्यात जालाची दोन कार्डे (एक बाहेरच्या जोडणीसाठी, दुसरे आतील जालासाठी) आणि त्यावर स्क्विड. तो सामान्यतः ३१२८ क्रमांकाच्या पोर्टवर मागण्या ऐकतो. आतील संगणकांचे पत्ते १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी गटांतले असतात. ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता प्रत्येक संगणकावर हाताने भरता येतो, किंवा जालावर एक स्वयंचलित मांडणीची फाइल ठेवून सर्व संगणकांना ती वाचायला लावता येते. दुसरा मार्ग अर्थातच सोयीचा.

येथे दोन निर्णय उभारणी करणाऱ्याने जाणीवपूर्वक घ्यावे लागतात. पहिला फायरवॉलचा. आतील संगणकांना प्रॉक्सी वगळून थेट बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा राहिला, तर जाणकार विद्यार्थी ब्राउझरमधील एक खूण काढून टाकतो आणि सर्व नियम कागदावर राहतात. दुसरा निर्णय ‘पारदर्शक’ प्रॉक्सीचा. यात वापरकर्त्याला काही सांगावेच लागत नाही. त्याच्या मागण्या वाटेत अडवून प्रॉक्सीकडे वळवल्या जातात. ही पद्धत मोहक वाटते, पण तिच्यात वापरकर्त्याची ओळख विचारता येत नाही. आपण प्रॉक्सीशी बोलत आहोत हे ब्राउझरला माहीतच नसते, आणि म्हणून तो प्रॉक्सीसाठीचे नाव व पासवर्ड देऊ शकत नाही. ज्या संस्थेला व्यक्तीनिहाय नियंत्रण हवे आहे, तिच्यासाठी हा मार्ग बंद आहे.

नियमांचा क्रम

स्क्विडच्या मांडणीचा गाभा म्हणजे प्रवेश-नियंत्रण याद्या, ज्यांना व्यवहारात ‘एसीएल’ म्हणतात. त्यांत दोन प्रकारच्या ओळी असतात आणि नवशिक्याची गल्लत बहुधा येथेच होते. पहिल्या प्रकारची ओळ फक्त व्याख्या करते : ‘ग्रंथालय’ म्हणजे अमुक पत्त्यांचे संगणक, ‘तासिका’ म्हणजे सोमवार ते शनिवार सकाळी १० ते सायंकाळी ५, ‘चित्रफिती’ म्हणजे अमुक संकेतस्थळे. या ओळीने काहीही उघडत नाही आणि काहीही बंद होत नाही. निर्णय दुसऱ्या प्रकारच्या ओळी करतात. त्यांत परवानगी किंवा नकार आणि त्यापुढे व्याख्यांची नावे असतात.

निर्णयाच्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जी पहिली लागू पडते तिच्यापाशी वाचन थांबते. समजा, पहिल्या ओळीत महाविद्यालयाच्या सर्व संगणकांना परवानगी दिली, दुसरीत तासिकांच्या वेळेत चित्रफितींना नकार दिला आणि तिसरीत सर्वांना नकार. दुसरी ओळ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण महाविद्यालयाच्या एकाही संगणकासाठी ती कधीच वाचली जाणार नाही, कारण पहिल्याच ओळीने निर्णय दिलेला आहे. या दोन ओळींची अदलाबदल केली की नियम जिवंत होतो. ज्यांनी शासकीय योजनांच्या पात्रतेचे निकष वाचले आहेत त्यांना हे नवे नाही : अपवाद आधी सांगितला की मागून, यावर लाभार्थी बदलतो.

व्याख्येच्या एका ओळीत अनेक मूल्ये दिली तर त्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी पुरते. निर्णयाच्या एका ओळीत अनेक नावे दिली तर मात्र ती सर्व एकाच वेळी जुळावी लागतात. ‘ग्रंथालय’ आणि ‘परीक्षा विभाग’ या दोघांना प्रवेश द्यावा म्हणून ती दोन्ही नावे परवानगीच्या एकाच ओळीत लिहिणारा असे सांगत असतो, की जो संगणक ग्रंथालयातही आहे आणि परीक्षा विभागातही आहे त्याला प्रवेश द्या. असा संगणक नसतो. परिणामी दोन्ही विभाग बाहेर राहतात.

याहून गंभीर बाब शेवटच्या ओळीची आहे. कोणतीच ओळ लागू पडली नाही तर स्क्विड शेवटच्या ओळीच्या उलट निर्णय देतो. म्हणजे एखाद्याने केवळ ‘चित्रफितींना नकार’ एवढी एकच ओळ लिहिली, तर उरलेल्या सर्व गोष्टींना, आणि सर्व जगाला, परवानगी मिळते. असा उघडा प्रॉक्सी बाहेरून सापडला की अनोळखी लोक त्याचा वापर आपली ओळख लपवण्यासाठी करतात आणि त्यांच्या कृत्यांचा माग महाविद्यालयाच्या पत्त्यापाशी येऊन थांबतो. म्हणून ‘सर्वांना नकार’ ही शेवटची ओळ कधीही काढू नये. स्क्विडसोबत येणाऱ्या मूळ मांडणीत ती असते; ‘काही चालत नाही’ म्हणून घाईने ती पुसली जाते. नियम बदलल्यानंतर ते लागू करण्यापूर्वी फाइल तपासून देणारी आज्ञा उपलब्ध आहे, पण ती फक्त व्याकरण तपासते. अर्थ तपासायचा तर ग्रंथालयातील, वसतिगृहातील आणि बाहेरच्या अशा तीन संगणकांवर प्रत्यक्ष बसून पाहावे लागते.

व्यक्तीची ओळख

संगणकाचा पत्ता म्हणजे व्यक्ती नव्हे. ग्रंथालयातील एकाच संगणकावर दिवसभरात चाळीस जण बसतात आणि वसतिगृहातील भ्रमणध्वनीला रोज नवा पत्ता मिळू शकतो. म्हणून प्रॉक्सी नाव आणि पासवर्ड विचारतो. तांत्रिकदृष्ट्या तो ब्राउझरला ४०७ क्रमांकाचे उत्तर पाठवतो, त्याचा अर्थ ‘आधी ओळख पटवा’. नावे छोट्या संस्थेत एका साध्या फाइलमध्ये ठेवता येतात, ज्यात मूळ पासवर्ड नसून त्याचे उलटवता न येणारे रूप असते. मोठ्या संस्थेत प्रवेश-नोंदणीचीच यादी एका निर्देशिका सर्व्हरवरून वाचली जाते. दुसऱ्या पद्धतीचा लाभ प्रशासकीय आहे : विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की त्याचे खाते आपोआप बंद होते. स्वतंत्र फाइलमध्ये मात्र पाच वर्षांपूर्वी गेलेल्यांची नावे तशीच राहतात आणि ती कोणी ना कोणी वापरत असते.

सर्वांत सोप्या प्रकारात, ज्याला ‘बेसिक’ म्हणतात, पासवर्ड कूटबद्ध होत नाही. तो केवळ वेगळ्या अक्षरांत लिहिला जातो आणि जालावर कान लावून बसलेल्या कोणालाही क्षणात उलगडता येतो. त्यामुळे परीक्षा विभागाचा किंवा ईमेलचा पासवर्डच प्रॉक्सीला देण्याची सक्ती करणे, तेही ब्राउझर आणि प्रॉक्सी यांच्यातील जोडणी कूटबद्ध न करता, हे बेजबाबदारपणाचे आहे. ‘कर्बेरॉस’सारख्या पद्धतीत पासवर्ड जालावरून जातच नाही, तिची उभारणी कष्टाची आहे, पण मोठ्या विद्यापीठांनी ते कष्ट घ्यायला हवेत.

व्यक्तीनिहाय ओळखीला अनेक विद्यार्थी पाळत समजतात. ती शंका पूर्णतः निराधार नाही, तिच्याकडे पुढे येऊ. परंतु तिची दुसरी बाजू वर उल्लेखिलेल्या संशोधनपत्रिकांच्या संदर्भात स्पष्ट होते. प्रकाशक पुष्कळदा संस्थेला तिच्या सार्वजनिक पत्त्यावरून ओळखतो. त्या पत्त्यावरून आलेली मागणी सदस्याची मानली जाते. एखाद्याने आज्ञावली लावून एका रात्रीत हजारो निबंध उतरवले तर प्रकाशक तो पत्ताच बंद करतो. शिक्षा मग एकाला होत नाही, संपूर्ण महाविद्यालयाला होते, आणि ती नेमकी प्रबंध सादर करण्याच्या महिन्यात होऊ शकते. व्यक्तीची नोंद असेल तर त्या एका खात्यापुरती कारवाई करून उरलेल्यांचा प्रवेश परत मिळवता येतो. सामूहिक दंडाऐवजी वैयक्तिक जबाबदारी हा येथे नीतीचा नव्हे, नोंदवहीचा प्रश्न आहे.

गावी असलेल्या विद्यार्थ्यासाठी हीच व्यवस्था उलट दिशेने वापरली जाते. तो घरून ग्रंथालयाच्या प्रॉक्सीवर लॉगिन करतो आणि प्रॉक्सी त्याच्या वतीने, संस्थेच्या पत्त्यावरून, प्रकाशकाकडे जातो. ग्रंथालयांत प्रचलित असलेले ‘ईझीप्रॉक्सी’ हे याच कामाचे साधन आहे. इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘इन्फेड’ या महासंघात तर पत्त्याची गरजच राहत नाही; संस्था विद्यार्थ्याची ओळख प्रमाणित करते आणि प्रकाशक ती मान्य करतो.

नकार की मंद प्रवाह?

बहुतेक संस्थांमध्ये प्रवेश-नियंत्रणाचा अर्थ ‘काय बंद करायचे’ एवढाच घेतला जातो. शब्दांवर आधारित गाळणी ही त्यातील सर्वांत जुनी आणि सर्वांत ओबडधोबड पद्धत. इंग्रजीतील ‘सेक्स’ हा शब्द ज्या पत्त्यात असेल तो अडवा, असा नियम केला की जनगणनेतील लिंग गुणोत्तराची पाने, म्हणजे ‘सेक्स रेशो’ची पाने, त्यात सापडतात, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठही सापडते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला यातील पहिले नुकसान सांगायला नको. शिवाय कूटबद्ध संकेतस्थळांच्या बाबतीत प्रॉक्सीला पानाचा पूर्ण पत्ता दिसत नाही, फक्त स्थळाचे नाव दिसते. मग शब्दगाळणी निकामी होते आणि प्रशासक संपूर्ण संकेतस्थळच बंद करतो.

याचा सर्वांत ठळक बळी यूट्यूब. मनोरंजन रोखण्यासाठी ते बंद केले जाते, आणि आयआयटींच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘एनपीटीईएल’ची हजारो व्याख्याने त्याच स्थळावर आहेत. केंद्र शासनाने २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्यास मान्यता दिली. ज्या महाविद्यालयात हे विनियम सूचनाफलकावर लावलेले आहेत आणि चित्रफितींचे स्थळ प्रॉक्सीवर कायमचे बंद आहे, तेथे एकाच धोरणाचे दोन भाग परस्परांना रद्द करतात. ज्याच्या घरी स्वतःची जोडणी आहे त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याची एकमेव जोडणी महाविद्यालयाची आहे त्याचेच बिघडते.

प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण नकार हा शेवटचा उपाय असावा. स्क्विडमध्ये ‘डिले पूल’ नावाची सोय आहे आणि ती वाटपाच्या दृष्टीने अधिक न्याय्य आहे. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे एक कल्पित बादली असते. ती ठरावीक गतीने भरत राहते आणि मजकूर उतरवला की रिकामी होते. पाने वाचणाऱ्याची बादली बहुधा भरलेलीच राहते, म्हणून त्याला पूर्ण वेग मिळतो. सलग चित्रफीत पाहणाऱ्याची बादली लवकर तळाला जाते आणि त्यानंतर त्याला फक्त भरण्याच्या गतीने मिळते. चित्रफीत बंद पडत नाही. तिचा दर्जा उतरतो, व्याख्यान मात्र ऐकू येते. अशी बादली संपूर्ण संस्थेसाठी, एखाद्या विभागासाठी किंवा एका व्यक्तीसाठी ठेवता येते. पहाटे किंवा सुटीच्या दिवशी, जेव्हा गर्दी नसते, तेव्हा हे बंधन उठवावे. रिकाम्या जोडणीवर निर्बंध घालून कोणाचाच लाभ होत नाही.

वेळेच्या नियमांबाबत एक न्यायनिर्णय विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या अधिकाराचा आणि अनुच्छेद २१ खालील गोपनीयतेच्या अधिकाराचा भाग असल्याचे मान्य केले. प्रश्न वसतिगृहात ठरावीक वेळी भ्रमणध्वनी वापरण्यावरील बंदीचा होता. त्यापाठोपाठ १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती घटनात्मक संरक्षणाखाली आणली आणि निर्बंध प्रमाणबद्ध असावेत असे सांगितले. हे निर्णय प्रॉक्सीविषयी नाहीत. तरी वसतिगृहाचा प्रॉक्सी रात्री दहाला सरसकट बंद करणाऱ्या व्यवस्थापनाने ते वाचावेत. निदान शिष्यवृत्तीचे पोर्टल आणि लोकसेवा आयोगांच्या अर्जांची संकेतस्थळे सर्व वेळी खुली ठेवणारी एक ओळ सर्व नकारांच्या वर असावी; अर्जाची मुदत मध्यरात्री संपते.

नोंदवही

प्रॉक्सी प्रत्येक मागणीची एक ओळ लिहितो : वेळ, आतील संगणकाचा पत्ता, निकाल, किती बाइट गेले, कोणते स्थळ आणि ओळख विचारली असेल तर वापरकर्त्याचे नाव. कूटबद्ध पानांचा मजकूर त्यात नसतो, पण स्थळांची नावे पुष्कळ काही सांगतात. एखादी विद्यार्थिनी कोणत्या आजाराविषयी वाचते, कोणत्या पक्षाच्या स्थळावर जाते, कोठे नोकरी शोधते, हे सहा महिन्यांच्या नोंदींवरून कळते.

नोंद ठेवणे अनेकदा कायद्याने आवश्यक असते. सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांनी पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास आणि प्रॉक्सी सर्व्हरच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याचे बंधन घातले. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, निगमित संस्था आणि शासकीय संघटनांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात सुरक्षित ठेवायच्या आहेत, तसेच यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाची अट किरकोळ वाटते. प्रत्यक्षात यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल आणि त्याच संगणकावर त्या दहा मिनिटांत दुसरा विद्यार्थी येऊन बसला असेल, तर तपासात नाव चुकीच्या मुलाचे येते.

दुसऱ्या बाजूला, २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरवला आणि त्यावरील निर्बंधासाठी कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या सांगितल्या. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि बालकांच्या माहितीला विशेष संरक्षण आहे. कनिष्ठ महाविद्यालयाची जवळजवळ संपूर्ण पटसंख्या त्यात येते, याचे भान अजून फारसे दिसत नाही.

नोंदवही ठेवावी की नाही हा वाद त्यामुळे संपलेला आहे. उरलेला प्रश्न ती कोण उघडू शकतो हा आहे. गर्दीचे नियोजन करण्यासाठी नावांची गरज नसते. कोणत्या तासाला किती भार पडला, एवढी बेरीज पुरते. नावासह नोंद लेखी तक्रारीवर, दोन जबाबदार व्यक्तींच्या सहीने पाहिली जावी आणि मुदत संपताच पुसली जावी. काही संस्था एक पाऊल पुढे जाऊन स्वतःचे प्रमाणपत्र सर्व संगणकांवर बसवतात आणि त्याआधारे कूटबद्ध बोगदाही मध्येच उघडून वाचतात. स्क्विडमध्ये तशी सोय आहे. बँकेचे व्यवहार आणि वैद्यकीय अहवाल त्याच बोगद्यातून जात असतात, तेव्हा शैक्षणिक संस्थेने या सोयीच्या वाटेला जाऊ नये, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आणखी एक लहान बाब. प्रॉक्सीने प्रवेश नाकारला की पडद्यावर इंग्रजीत एक ठरावीक संदेश येतो आणि विद्यार्थी ‘नेट बंद आहे’ असे समजून उठून जातो. हा संदेश प्रत्येक नियमासाठी वेगळा आणि आपल्या भाषेत लिहिता येतो. त्यात कोणत्या नियमाने नकार मिळाला, तो किती वाजेपर्यंत लागू आहे आणि अभ्यासासाठी हे स्थळ हवे असल्यास ग्रंथालयात कोणाकडे, कोणत्या नोंदवहीत मागणी लिहायची, एवढे असावे. तीन ओळी पुरतात, आणि त्या लिहायला वेगळा खर्च येत नाही.